बाराजणींचा एकच आकडा

अंजनामावशी, तू जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर रागावलेलीच आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत. तू जिवंत असतानाही माझ्या रागाला भीक घातली नाहीस, आता काय घालणार. तुझ्याशी बोलताना मी कधी शुद्ध बोलले नाही, पण कागद समोर आला की शाळेतल्या बाई आठवतात आणि ‘मले’चं ‘मला’ होतं. तेवढं चालवून घे.

तू कधी जन्मलीस हे तुलाच ठाऊक नव्हतं. कुहीकडच्या एका खेड्यातून नागपूरजवळच्या वाडीला आलीस, ट्रकवाल्यांच्या गोदामामागे एक खोली भाड्याने घेतलीस, आणि मसाल्याच्या कारखान्यात पुड्या भरता भरता म्हातारी झालीस. संपली तुझी माहिती. मला लिहायचं आहे ते फक्त एका महिन्याबद्दल. त्या महिन्यात आपण जिंकलो, आणि नेमकं कोण जिंकलं यावरून तू आणि मी पुढे नऊ वर्षं भांडलो.

आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा. उन्हाळा म्हणजे आपला मोसम, अख्ख्या नागपूरला वर्षाचं तिखट तेव्हाच लागतं. पत्र्याच्या लांब खोलीत आपण बाराजणी ओळीने बसायचो. प्रत्येकीपुढे एक तराजू, एक परात आणि एक मेणबत्ती. तिखट तोलायचं, पुडीत भरायचं, ज्योतीवरून पुडीचं तोंड फिरवून चिकटवायचं आणि बाजूच्या टोपलीत टाकायचं. संध्याकाळी घरी जाताना सिटी बसमध्ये शेजारची बाई शिंकायला लागली की आपण दोघी खिडकीबाहेर बघायचो, जणू आपला काही संबंधच नाही.

त्या वर्षी मालकाचा मुलगा, छोटा शेठ, मुंबईहून काहीतरी शिकून परत आला. पोरगा वाईट नव्हता, ते तूही कबूल केलंस. आल्या आल्या त्याने आपल्या सगळ्यांना आवारात उभं केलं आणि अर्धं हिंदी, अर्धं मराठी भाषण केलं. माणूस काम का करतो? फक्त रोजीसाठी? नाही. माणसाला लागतं मोटिवेशन. आणि इथल्या बायकांमध्ये मोटिवेशन कमी आहे, ते आता वाढवायचं आहे.

मागच्या रांगेतली कमल हळूच म्हणाली, “मोटी कोण म्हणे वं?”

“मोटी नाई, मोटीवेशन.”

“म्हणजे मोट्या बाईले काई देणार हाये का?”

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. बाराजणींत अंगाने भरलेली मी एकटीच. तू पदर तोंडाला लावून म्हणालीस, “सुमन, जा वं पुढे, तुलेच हाक मारून राहिला तो.” मी पुढे जाणार तेवढ्यात मुनीमजींनी खुर्चीवरचा कापडी रुमाल उचलला, आणि त्याखाली तो टेबलफॅन होता. निळ्या पात्यांचा, जाळीला लाल रिबीन बांधलेला.

नियम साधा होता. रोज संध्याकाळी मुनीमजी प्रत्येकीची टोपली मोजणार आणि आकडा फळ्यावर तिच्या नावापुढे लिहिणार. महिनाअखेर बेरीज करायची. जी पहिली, तिला फॅन. हे छोटा शेठ मोठ्याने बोलला. पुढचं वाक्य मात्र त्याने खाली बघत, हिंदीत, घाईने उरकलं. जी सगळ्यात मागे राहील, तिने पुढच्या महिन्यापासून येऊ नये.

मागे कोण राहणार, हे फळा टांगायच्या आधीच सगळ्यांना माहीत होतं. शेवंता. धान कापताना कधीतरी विळा लागून तिच्या उजव्या हाताचा अंगठा कायमचा ताठ झाला होता. पुडीचं तोंड ती दोन बोटांत धरायची, आणि आपल्या तीन पुड्या होईपर्यंत तिच्या जेमतेम दोन व्हायच्या. नवरा सोडून गेलेला, दोन पोरं वाडीच्या शाळेत. तिला तिथून काढलं असतं तर तशा अंगठ्याच्या बाईला दुसरं कोण ठेवणार होतं?

हे सगळं मला दिसत होतं, मावशी. आंधळी नव्हते मी. पण मला तो फॅन हवा होता, सरळ सांगते.

नागपूरच्या महाल भागातलं आमचं घर म्हणजे पुढच्या खोलीत हातमाग आणि मागच्या खोलीत आम्ही सहा जण. उन्हाळ्यातली कोरडी हवा लागली की सूत तटातट तुटतं, म्हणून मागाच्या खोलीची खिडकी बंद. घर असं तापायचं की माझी धाकटी, तेव्हा दोन वर्षांची, पाठभर घामोळ्यांनी दिवसभर किरकिरायची. लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं, माग आठवड्यातले तीन दिवस बंद असायचा, म्हणून तर मी वाडीला कामाला लागले. फॅन विकत घेणं आमच्या घरात कोणी बोलूनसुद्धा दाखवलं नसतं.

पण नुसत्या लेकीसाठी हवा होता म्हटलं तर ते खोटं होईल. मला पहिलं यायचं होतं. सात वर्षांची असल्यापासून मी बापाच्या मागासाठी कांड्या भरल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या मागासाठी. धोट्यात बसवायची ती सुताची नळी बाईने भरायची, लुगडं पुरुषाने विणायचं आणि पेठेत नाव निघायचं ते विणणाऱ्याचं. माझी बोटं किती चालतात हे आजवर कोणी मोजलंच नव्हतं. त्या फळ्यावर पहिल्यांदा माझ्या नावापुढे आकडा लागला, आणि तो सगळ्यात मोठा होता. त्या दिवशी मी बसस्टॉपपर्यंत हसत चालत गेले. तू विचारलंस, “का झालं वं?” मी काही नाही म्हटलं.

तीन आठवडे मी पुढेच होते. खोलीतलं बोलणं मात्र हळूहळू बंद पडलं. आधी आपण कोणाच्या सुनेचं, कोणाच्या सासूचं काय काय बोलत पुड्या भरायचो, आता जी ती खाली मान घालून. कमलची मेणबत्ती विझली तर शेजारणीने आपली पुढे केली नाही. मीही केली नाही. तेवढ्यात दोन पुड्या होतात, असा हिशेब माझ्या डोक्यात आला आणि मी हात मागे घेतला. शेवंता तर जेवायलासुद्धा उठायची नाही. डावीकडे भाकर आणि उजवीकडे तराजू ठेवून बसायची.

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, तू विषय काढलास. भाषण वगैरे तुला जमायचंच नाही. लोणच्याची फोड चघळत चघळत तू आमच्यातल्या महालवाल्या, सीताबर्डीवाल्या बायकांना निंदणाची गोष्ट सांगायला लागलीस. कुहीकडे वावरात निंदायला बायका ओळीने बसतात, त्या ओळीला पात म्हणतात. प्रत्येकीने आपल्यापुढची पट्टी साफ करत सरकायचं. एखादी मागे पडली, पोटुशी असली किंवा तापाने आली असली, तर तिच्या डाव्या-उजव्या हाताच्या दोघी तिच्या पट्टीतलं वीत-वीत गवत आपल्याकडे ओढून घेतात, आणि पात सारखी राहते.

“पाटलाले का दिसते?” तू म्हणालीस. “वावर साफ झालं, येवढंच दिसते. कोण पुढे, कोण मागे, हे त्याले कोणी सांगत नाई. एकटी पुढे गेली तं पात तुटते, मंग मागचीले मुकादम उठवून देते.”

“इथे कुठे वावर हाये?” मी म्हटलं.

“टोपल्या हायेत ना. मुनीम पाच वाजता येते. त्याच्या आधी टोपल्या सारख्या करून घेऊ. साऱ्याजणींचा आकडा एकच. मंग पाहू कोणाले काढते त.”

दहाजणींनी लगेच मान डोलावली. त्यांना काय, फॅन तसाही मिळणार नव्हता. आणि मग मी जे बोलले ते तुझ्या लक्षात होतं, माझ्या होतं, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकीच्या होतं. मी म्हटलं, “तुया स्वतःचा हात चालत नाई, म्हणून तुले पात आठवून राहिली.” तुझं नाव फळ्यावर खालून दुसरं होतं, त्याचा हा टोमणा. तू उठलीस. हात धुतलास, मेणबत्ती पेटवलीस आणि कामाला बसलीस. नऊ वर्षांत एकदा तरी मी तुझी माफी मागायला हवी होती. रोज एकत्र यायचो-जायचो, डब्यातलं एकमेकींना द्यायचो, म्हणून ते राहून गेलं, असं मी स्वतःला सांगते. खरं कारण असं की मला लाज वाटत होती.

त्या आठवड्यात दहाजणींनी आपल्या टोपल्या हळूहळू सारख्या करत आणल्या. जिच्या जास्त, तिने शेवंताला द्यायच्या. मुनीमजी रोज आकडे लिहायचे आणि भुवया उंचावायचे. शेवटच्या दिवशी दुपारी दहा नावांपुढची बेरीज एकमेकींशी जुळायच्या बेतात होती. त्यांच्या वर मी, चाळीस पुड्यांनी. त्यांच्या खाली शेवंता, चाळीस पुड्यांनी. माझ्याशी कोणी काही बोलत नव्हतं. माझ्याकडे बघतही नव्हतं, आणि ते तर फारच लागत होतं.

तीनच्या सुमारास माझी मेणबत्ती संपली. नवी घ्यायला उठले आणि तुझ्या मागून गेले, तेव्हा मी पहिल्यांदा तुझे हात नीट पाहिले. तू तिखट तोलतच नव्हतीस, चिमटीत धरून टाकत होतीस आणि काटा बरोबर मधे येऊन थांबत होता. माझ्या चार पुड्या होईपर्यंत तुझ्या पाच होत होत्या. आणि दर चौथी पुडी तुझ्या टोपलीत न पडता फळीखालून सरकत शेजारी शेवंताच्या टोपलीत जात होती. मी तिथेच उभी राहिले. शेवंताकडे पाहिलं तर तिने नजर खाली घातली. तेव्हा कळलं, हे या आठवड्यापुरतं नव्हतं, पहिल्या दिवसापासून चालू होतं, मावशी. तुझं नाव खालून दुसरं होतं ते एवढ्यासाठी. आणि एवढं देऊनही ती चाळीस मागेच होती, म्हणजे तू नसतीस तर तिचं काय झालं असतं.

मी जागेवर येऊन बसले. घामोळ्या डोळ्यांपुढे आल्या, निळी पाती आली, आणि तुला काय वाटेल ते वाटो, सासूचं तोंडही आलं, की सुनेने फॅन जिंकून आणला. पाच वाजायला दहा मिनिटं असताना मी उठले. टोपली ओढत शेवंतापुढे नेली आणि दाणकन आपटली.

“घे वं भवाने. चाळीस मोजून घे. रडून काहून राहिली, मोज. मुनीम येऊन राहिला. आणि मले धन्यवाद-फिन्यवाद काई म्हणू नको, मले राग येऊन राहिला.”

खरंच येत होता. तिला मोजवेना म्हणून शेवटी मीच मोजल्या आणि मोजताना तोंडाने जे येईल ते बडबडत होते. तू एकदाही मान वर केली नाहीस.

मुनीमजींनी आकडे लिहिले. मग बेरीज केली. मग चष्मा पुसून पुन्हा केली. मग छोट्या शेठला बोलावलं. फळ्यावर बारा नावं आणि बारांपुढे एकच आकडा, वरपासून खालपर्यंत. छोटा शेठ फळ्याकडे बघत म्हणाला, “पहली कौन है?”

तू बसल्या जागेवरून म्हणालीस, “पात.”

“पात कौन?”

मुनीमजींनी खरोखर हजेरीचं मस्टर उघडलं आणि बोट फिरवत पाहिलं. “इस नाम की कोई बाई नहीं है, शेठ.”

कमलला हसू आवरेना. तिला पाहून दुसरीला, आणि मग अख्खी खोली. महिनाभर त्या खोलीत कोणी हसलं नव्हतं.

“और आखिरी?” छोट्या शेठने विचारलं.

“थे बी पातच,” तू म्हणालीस. “तिले काढाचं असंन तं बाराजणींले काढा लागते.”

गादीवर बसलेले म्हातारे शेठ तोवर काठी टेकत दारात आले होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की सगळ्या मिळून माल किती निघाला. मुनीमजींनी सांगितलं. त्या खोलीतून एका महिन्यात इतका माल आजवर निघाला नव्हता. म्हातारे शेठ मुलाला म्हणाले, “मग काढतोस कोणाला?” त्याने स्वतःच्या हाताने फळा पुसला, आणि ती मागे राहणारीला काढायची अट पुन्हा कोणी उच्चारली नाही. शेवंता त्या खोलीत आजही बसते.

त्यानंतरची गंमत तू मरेपर्यंत सांगायचीस. बिचाऱ्याला वाटलं, फॅन एकीला देता येत नाही तर खोलीतच लावू, सगळ्यांना हवा मिळेल. मी सांगायला तोंड उघडलं तर तू मला कोपर मारलंस. “लावू दे त्याले,” म्हणालीस. स्वतः त्याने स्टुलावर ठेवला, प्लग लावला, बटन फिरवलं. बारा मेणबत्त्या एकदम विझल्या आणि बारा परातींतलं तिखट एकदम उठलं. मालक, मुनीम, आपण सगळ्या डोळे चोळत, खोकत, शिंकत आवारात, आणि रस्त्यापलीकडचे ट्रकवाले हातातले चहाचे कप विसरून बघत उभे. छोटा शेठ डोळे पुसत तुझ्याकडे बघून म्हणाला, “आपको मालूम था.” तू म्हणालीस, “तुमाले बी मालूम झालं आता.” तोही हसला. पुढच्या महिन्यापासून त्याने सगळ्या खोलीचा मिळून एक आकडा धरला. तो गाठला की प्रत्येकीला काहीतरी. कधी स्टीलचा डबा, कधी छत्री. बोलणं पुन्हा सुरू झालं आणि माल वाढतच गेला. हे तुझं जिंकणं, मी कधी नाकारलं नाही.

फॅन मग घराघरांत फिरला. आठ-आठ दिवस एकेकीकडे. पहिली पाळी तू माझी लावलीस, काही न विचारता. माझी लेक त्या आठवड्यात अशी झोपायची की मी मध्येच उठून तिचा श्वास बघायचे. सासूने गल्लीभर सांगितलं ते सांगितलंच. तुझी पाळी आली तेव्हा मला कळलं की तुझ्या खोलीत वीजच नाही. तरी तू तो आठ दिवस ठेवलास आणि त्याच्या जाळीवर टॉवेल वाळवलास. माझा हक्क हाये, म्हणालीस.

पण आपलं भांडण मिटलं नाही. मी म्हणायचे, मावशी, सगळ्यांना सारखं दिलं हे बरं झालं, पण एखादीचा हात खरंच चांगला असला तर ते तिला कोणी सांगायचं की नाही? नुसतं सारखं करत राहिलं तर चांगला हात ओळखू कसा येणार? तू म्हणायचीस, जिचा हात चांगला तिले ते मालूम असते. मी म्हणायचे, नसते. आम्हाला नसते. आयुष्यभर कांड्या भरणाऱ्या बाईला कोणी सांगितल्याशिवाय नाही कळत. तू म्हणायचीस, बरं, आणि विषय बदलायचीस. नऊ वर्षं मी तुझ्या तोंडून एक शाबासकी निघायची वाट बघितली. पुढे मला त्या खोलीची मुकादमीण केलं तेव्हाही तू एवढंच म्हणालीस, “आता उशिरा नको येजो.” या मुद्द्यावर मी तुला कधीच सोडणार नव्हते. मी अजूनही माझंच बरोबर मानते.

तुझ्या तेराव्याला कारखाना अर्धा दिवस बंद होता. छोटा शेठ स्वतः येऊन जेवला. तुझ्या भाच्याने सगळं नीट केलं, वाढायला आपल्याच बायका होत्या. मी भाताचं पातेलं घेऊन फिरत होते तेव्हा शेवंताने मला हाताला धरून बाजूला नेलं. म्हणाली, एक गोष्ट नऊ वर्षं पोटात आहे, मावशीने सांगू नको म्हटलं होतं, आता सांगते.

फॅनच्या त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती कामावर येतच नव्हती. काढायच्या आधी आपण होऊन जावं, म्हणून तुझ्या खोलीवर सांगायला आली होती. तू चुलीवरचा चहा तिच्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, “गुमान चाल कामावर. चाळीसच कमी हायेत, सुमन देते पाहजो. शिव्या देऊन देईन, पण देते. त्या पोरीवानी हात साऱ्या खोलीत नाई, आन् तिच्यावानी मन बी नाई. तिले हे सांगू नको मातर. तिनं आपल्या मनानं दिलं पायजे.”

हे तू सकाळी म्हणालीस, मावशी. मी दिलं पाच वाजता. त्या आधी चार दिवस मी तुला सगळ्यांदेखत टोचून बोलले होते.

मी पातेलं खाली ठेवलं आणि शेवंताच्या गळ्यात पडून रडले. मग डोळे पुसून म्हटलं, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं, शब्दन् शब्द. पंगतीत बसलेल्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या होत्या, कमलने काय झालं म्हणून विचारलं. तेव्हा मी शेवंताला पंगतीच्या मधोमध उभं केलं आणि तिसऱ्यांदा सांगायला लावलं, जरा मोठ्याने, शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल असं.